उतारवयाची सावली

गिरगाव, परळ, लालबाग या भागांत ज्यांची हयात गेली, त्यांना घराबाहेरच्या जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे नांदत, तेव्हा चाळीची गॅलरी, जिन्याखालचा ओटा आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला पिंपळ हा घराचाच भाग असे. आता त्यांपैकी कित्येक चाळींच्या जागी मनोरे उभे आहेत. खोल्या वाढल्या, स्वच्छतागृह घरात आले, लिफ्ट आली. हे सुख खरेच आहे. पण बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांना संध्याकाळी कोणाशी दोन शब्द बोलायचे तर खाली उतरावे लागते, आणि खाली बहुतेक ठिकाणी मोटारींची रांग असते. उरते ती जवळची बाग: सावलीतला एखादा बाक आणि त्या बाकावर ठरलेल्या वेळी भेटणारी चार माणसे.

म्हणूनच एखाद्या बागेतील झाडांच्या बुंध्यांवर महापालिकेचे क्रमांक आणि नोटिसा दिसू लागल्या, की सर्वांत आधी अस्वस्थ होतात ती ज्येष्ठ मंडळी. घरातल्या तरुणांना वाटते, ‘आई-बाबा उगाच जिवाला लावून घेतात.’ ही अस्वस्थता उगाच नसते. तिच्यामागे शरीराचे आणि मनाचे कारण आहे. ते काय आहे आणि अशा वेळी ज्येष्ठांनी व त्यांची काळजी घेणाऱ्यांनी काय करावे, याचा विचार या लेखात करू.

टाकीवरची बाग

गिरगाव चौपाटीवरून मलबार हिल चढून गेलेल्या कोणालाही ‘हँगिंग गार्डन’ आठवते. समोर कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट, अलीकडे फिरोजशहा मेहता उद्यान. या उद्यानाच्या हिरवळीखाली एकोणिसाव्या शतकात, १८८० च्या दशकात बांधलेला मोठा जलाशय आहे. त्याची क्षमता सुमारे १४७ दशलक्ष लिटर असून मलबार हिल, ताडदेव, ग्रँट रोड, गिरगाव आणि आसपासच्या वस्तीला तेथून पाणी मिळते. म्हणजे ज्या टेकडीवर आपण फिरायला जातो, तिच्याच पोटातले पाणी आपल्या घरच्या नळाला येते.

हा जलाशय जुना झाला, तो पाडून अधिक क्षमतेचा नवा बांधावा, असे महापालिकेने ठरवले. खर्च सुमारे ६९८ कोटी रुपयांचा होता. त्यासाठी ३८९ झाडे तोडावी किंवा हलवावी लागणार होती आणि उद्यान सात वर्षांपर्यंत बंद राहण्याची शक्यता होती. २०२३ साली ही बाब लोकांसमोर आली आणि विरोध सुरू झाला. त्यात रोज सकाळी फिरायला येणारी मंडळी मोठ्या संख्येने होती.

येथे पेच साधा नव्हता. पाणी ही चैन नव्हे. गिरगावातल्या ज्या आजींना पाण्याची वेळ सांभाळून घर चालवावे लागले, त्यांना नव्या टाकीची गरज कोणी समजावून सांगायला नको होती. त्यामुळे ‘झाडे की पाणी’ असा प्रश्न केला असता, तर उत्तर देणे अवघडच होते. नागरिकांनी शहाणपणा केला तो येथे. त्यांनी विचारले, ‘जलाशय पाडल्याशिवाय तो सुरक्षित करता येणार नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवले?’

या प्रश्नामुळे चर्चेची दिशा बदलली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, नागरिकांमधील जाणकार वास्तुविशारद व अभियंते आणि महापालिकेचे अधिकारी यांची समिती नेमली गेली. जलाशयात उतरून प्रत्यक्ष पाहणी झाली. समितीतील सर्वांचे मत सर्व बाबतींत जुळले नाही. पर्यायी टाकीची गरज आहे की नाही, यावर मतभेद राहिले. पण जुने बांधकाम दुरुस्त होऊ शकते, ही गोष्ट पुढे आली आणि अखेर महापालिकेने पुनर्बांधणीऐवजी दुरुस्तीचा मार्ग पत्करला. बाग राहिली, आणि पाण्याचा प्रश्नही कोणी नाकारला नाही.

राणीच्या बागेतील जुनी लढाई

लालबाग-परळकरांची हक्काची बाग म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ते खुले झाले, तेव्हा ती वनस्पतींची बाग होती; प्राणी नंतर आले. आपल्यापैकी बहुतेकांनी मुलाबाळांना तेथे हत्ती आणि वाघ दाखवायला नेले, पण खरे वैभव डोक्यावर होते. तीन हजारांवर वृक्ष, त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती, आणि त्यांत गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती यांसारखी शहरात सहसा न दिसणारी झाडे. गिरणगावाच्या धुराड्यांच्या इतक्या जवळ एवढे मोठे वनस्पतिसंग्रहालय होते, याची जाणीव आपल्याला उशिरा झाली.

२००७ च्या सुमारास महापालिकेने या उद्यानाचा कायापालट करण्याची योजना आखली. परदेशी सल्लागार नेमले गेले आणि ४३३ कोटी रुपयांचा आराखडा तयार झाला. प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय दर्जाचे करायचे, हा हेतू वाईट नव्हता. परंतु नवी बांधकामे आणि कृत्रिम अधिवास यांत जुन्या वृक्षांचे काय होणार, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. तेव्हा काही महिला एकत्र आल्या आणि त्यातून ‘सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन’ ही चळवळ उभी राहिली. त्यांनी झाडे मोजली, जाती ओळखल्या, नकाशे तपासले, माहितीच्या अधिकारात कागद मागवले आणि हे उद्यान वारसा यादीत आहे, याची यंत्रणेला वारंवार आठवण करून दिली. वारसा समितीपुढे आराखडा अडला आणि तो मूळ स्वरूपात अमलात आला नाही. पुढे लहान प्रमाणात कामे झाली, पेंग्विनही आले आणि वादही चालू राहिले; पण वृक्षराजीचा मोठा भाग आजही उभा आहे.

या लढाईतले मुख्य साधन होते नोंदवही. घोषणा दिल्या गेल्या असतीलच, पण प्रत्येक झाडाला नाव आणि क्रमांक देणारी वही अधिक उपयोगी पडली. ज्येष्ठांना जमणारे आणि शोभणारे असे हे काम आहे.

सावली औषधाचे काम कशी करते?

वय वाढते तशी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती कमी होते. घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि उन्हात त्वचेकडे रक्त वळवताना हृदयावर ताण पडतो. मुंबईत त्यात दमटपणाची भर. घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवू शकतो. (म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलावे.) अशा वेळी डेरेदार झाड दुहेरी काम करते: थेट ऊन अडवते आणि पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवा थोडी थंड करते. डांबरी रस्ता आणि पर्जन्यवृक्षाखालची पायवाट यांतला फरक दादर-माटुंग्याच्या पाच उद्यानांत फिरणाऱ्यांना पायांनीच कळतो.

दुसरी बाब चालण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. तोल सुधारला तर पडण्याचा धोका घटतो, आणि उतारवयात एक पडणे सारे आयुष्य बदलून टाकू शकते. हे चालणे घडायचे तर जवळ, सपाट, सावलीची आणि बसायला बाक असलेली जागा लागते. ती गेली की चालणे थांबते. ‘उद्यापासून गच्चीवर फिरेन’ हा निश्चय फार दिवस टिकत नाही.

याला अभ्यासाचा आधारही आहे. टोकियोत तीन हजारांहून अधिक वृद्धांचा पाच वर्षे मागोवा घेण्यात आला. घराजवळ चालण्याजोगी हिरवी जागा असलेल्या वृद्धांचे जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधी १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची पाहणी मांडली होती. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामके कमी लागली.

झाडे गेल्यावर काय होते, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेत एका किडीमुळे अॅश जातीची कोट्यवधी झाडे मेली. १५ राज्यांतील १९९० ते २००७ या काळातील नोंदी पाहता, कीड पसरलेल्या भागांत हृदयविकाराने सुमारे १५ हजार आणि श्वसनाच्या खालच्या मार्गाच्या विकारांनी सुमारे ६ हजार मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक झाल्याचे संशोधकांना २०१३ मध्ये आढळले. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो. झाड गेले म्हणूनच अमुक व्यक्ती गेली, असे सिद्ध होत नाही. पण झाडांचा आणि आरोग्याचा संबंध केवळ कविकल्पना नाही, एवढे निश्चित.

भरपाईच्या झाडांचे गणित

प्रकल्प आला की एक आश्वासन हमखास मिळते: ‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात आम्ही अधिक झाडे लावू.’ महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानण्यात आले, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी रोपे लावावीत असे ठरले. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपे. कागदावर हिशेब चोख आहे.

पण हा हिशेब आपल्या वयाशी ताडून पाहा. आज लावलेल्या रोपाखाली माणूस बसू शकेल अशी सावली यायला पंधरा-वीस वर्षे लागतात. पासष्टीच्या माणसाला ती पंच्याऐंशीत मिळेल. ऐंशीच्या माणसाला बहुधा मिळणारच नाही. शिवाय ती रोपे लागतात कोठे? लालबागचे झाड गेले आणि त्याची साठ रोपे शहराच्या वेशीवर लागली, तर हवेला त्याचा काही लाभ होईलही, परंतु काठी टेकत शंभर पावले चालणाऱ्या आजींना त्याचा काय उपयोग? पुनर्रोपणाचा अनुभवही सावधच राहायला सांगतो. मेट्रो-३ च्या कामात दक्षिण मुंबईतील झाडांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये मिळालेली स्थगिती मे महिन्यात उठली आणि देखरेखीची व्यवस्था झाली. तरीही उचलून दुसरीकडे लावलेल्या झाडांपैकी बरीच झाडे वाळल्याचे आढळले.

त्याच मेट्रोचा दुसरा पैलूही मान्य केला पाहिजे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते. गिरगाव, काळबादेवीहून दादरला डॉक्टरांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांना गर्दीची लोकल टाळता येते. त्यामुळे प्रत्येक प्रकल्प शत्रू आहे असे मानून चालणार नाही. विचारायचे ते एवढेच: हे झाड वाचवून हे काम होणार नाही, याची कोणी खात्री करून घेतली आहे का? मलबार हिलला हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर वेगळे निघाले.

झाड गेल्याचे दुःख

जवळचे झाड तुटल्यावर काही ज्येष्ठांचे जेवणावरचे लक्ष उडते, झोप मोडते, बाहेर पडण्याची इच्छा मरते. घरच्यांना याचे नवल वाटते. पण ज्या झाडाखाली मुलांना चालायला शिकवले, जोडीदाराबरोबर अखेरचा फेरफटका मारला, ते झाड म्हणजे स्मृतीची खुंटी असते. राहते घर न सोडताही आपला परिसर अनोळखी होऊन जावा, या दुःखाला ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ ग्लेन आल्ब्रेक्ट यांनी स्वतंत्र नाव दिले आहे. चाळ गेली, गिरणी गेली, ओळखीची दुकाने गेली; अशा माणसाला शेवटचे ओळखीचे झाडही गेल्याचे दुःख का होते, हे समजून घेणे कठीण नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी काही सूचना:

• ‘झाडच तर होते’ असे म्हणू नका. त्या झाडाच्या आठवणी विचारा, ऐका, जमल्यास लिहून घ्या.
• विस्मरणाचा विकार असलेल्या व्यक्ती झाड, फाटक, बाक अशा खुणांवरून वाट ओळखतात. बाग बंद होणार असे कळताच नवी वाट आधीपासून, सोबत जाऊन, रोज ठरावीक वेळी सवयीची करा. खिशात नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा.
• फिरणे थांबू देऊ नका. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जवळच्या सावलीच्या रस्त्यावर दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालते.
• बाकावरची मैत्री तुटू देऊ नका. बाग बंद झाली तर त्या चार जणांचे क्रमांक घ्या आणि आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी चहा ठरवा.
• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, भूक मंदावणे, झोपेच्या तक्रारी राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा. ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आपण काय करू शकता?

झाडांवर नोटीस दिसली तर घाबरून जाऊ नका आणि केवळ हळहळत बसू नका. ती शांतपणे वाचा. झाडांचे क्रमांक, कारण आणि हरकत नोंदवण्याची अखेरची तारीख टिपून घ्या, कारण मुदत थोडी असते. नातवाला सांगून छायाचित्रे काढून ठेवा.

हरकतीचे पत्र साधे असावे. आपण कोण, किती वर्षांपासून या जागेचा वापर करता, कोणत्या क्रमांकाच्या झाडांबद्दल बोलता, आणि कोणता पर्याय तपासावा असे वाटते, एवढे पुरे. मुंबईत ते महापालिकेच्या उद्यान खात्याकडे, वृक्ष प्राधिकरणासाठी द्यायचे असते; प्रत घेऊन पोच घ्यायला विसरू नका. शक्यतो प्रत्येकाने आपले स्वतंत्र पत्र द्यावे.

आपल्याकडे एक पुरावा आहे, जो तरुणांकडे नाही: आपली स्मरणशक्ती आणि जुनी छायाचित्रे. झाडाचे वय बहुधा खोडाच्या घेरावरून अंदाजाने ठरवले जाते. पण १९७० सालच्या एखाद्या लग्नाच्या किंवा गणेशोत्सवाच्या छायाचित्रात मागे तेच झाड भरदार उभे दिसत असेल, तर ते पन्नाशीच्या पुढचे आहे हे दाखवता येते. वारसा वृक्षाचा प्रश्न असेल तेव्हा अलमारीतला तो जुना अल्बम फार मोलाचा ठरतो.

कागद हवे असतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात करता येतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. अर्ज लिहिणे ज्यांना जमत नाही, त्यांना निवृत्त कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी मदत करू शकतात. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात अशी दोन-चार माणसे सहज सापडतील.

सभेला किंवा मानवी साखळीला जायचे असेल तर सकाळची वेळ निवडा, औषधांची वेळ चुकवू नका, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची बरोबर घ्या आणि एकटे जाऊ नका. चक्कर, छातीत दडपण, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काही झाले तर लगेच बसून घ्या आणि मदत मागा. मधुमेह असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. आंदोलन लांब चालते. त्यासाठी आपली प्रकृती टिकली पाहिजे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांनी घरी बसून पत्रे लिहावीत. अशा पत्रांचे वजन उभे राहून दिलेल्या घोषणेपेक्षा तिळभरही कमी नसते.

आणि कधी कधी प्रयत्न करूनही झाड जाईल, हेही मनाशी धरून ठेवा. तेव्हा मागणी सोडू नका, तिचे स्वरूप बदला. भरपाईची झाडे याच वॉर्डात लागावीत, रोपे लहान नसून वाढलेली असावीत, त्यांची निगा कोण आणि किती वर्षे राखणार हे लेखी मिळावे, आणि काम चालू असेपर्यंत बसण्याची सावलीची तात्पुरती जागा करून द्यावी. अशी मागणी करण्यात कमीपणा नाही. आपण ज्या वृक्षांखाली बसलो, ते लावणाऱ्यांनीही त्यांची पूर्ण सावली पाहिली नव्हती.

या पंधरवड्यासाठी एक काम सुचवितो. रोजच्या वाटेवरचे एक मोठे झाड निवडा. शिंप्याची टेप घेऊन छातीच्या उंचीवर त्याचा घेर मोजा. झाडाचे नाव, घेर, तारीख आणि त्याच्याबद्दल आपल्याला आठवते ते वहीत लिहा. ही वही घरातल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या आणि पुढच्या वर्षी याच तारखेला पुन्हा मोजायला सांगा.